पाच हजारांच्या पुढे

माणसाचं नाव दगडावर कोरलं जातं ते दोनदाच: एकदा तो थोर ठरला म्हणून आणि एकदा तो उरला नाही म्हणून. सरांच्या वाट्याला तिसरंच कारण आलं. शाळेच्या नव्या इमारतीत काळ्या दगडाची एक लादी जास्तीची आली होती आणि लादीवाला ती परत घ्यायला तयार नव्हता.

मुख्याध्यापिकाबाईंनी अर्थात हे असं सांगितलं नाही. त्या घरी आल्या, चहा घेतला आणि म्हणाल्या, "सर, गणिताच्या खोलीच्या दारावर तुमचा नियम कोरायचा ठरलाय. खाली तुमचं नाव." सर एकतीस वर्षं त्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. त्यांनी तीन वेळा "छे छे" म्हटलं, आणि चौथ्यांदा बाईंनी आग्रह करायच्या आत कागदावर मजकूर लिहून दिला.

नियम असा होता. नऊ, पंधरा, एकवीस अशी कुठलीही विषम संख्या घ्या, जिचे भाग पडतात. ती एक मूळ संख्या आणि एका वर्गाची दुप्पट यांच्या बेरजेत बसते. नऊ म्हणजे सात अधिक एकाची दुप्पट. पंधरा म्हणजे सात अधिक चाराची दुप्पट. एकवीस म्हणजे तीन अधिक नवाची दुप्पट. सरांना हे ऐन तरुणपणी, पेपर तपासताना सुचलं होतं. तेव्हापासून ते सवड मिळेल त्या संध्याकाळी कापडी पुठ्ठ्याच्या एका वहीत एकेक संख्या तपासत आले. वही कुणाला दाखवायची नाही, कारण नियम चोरीला जाईल. अठराशे एकतीस संख्या तपासून झाल्या आणि पाच हजारांवर सर थांबले. का थांबले? पाच हजार हा आकडा गोल आहे म्हणून. माणूस डोंगर चढतो तोही चहाच्या टपरीपर्यंतच.

सगळं सुरळीत चाललं होतं. माशी शिंकली ती पाथरवटाच्या फोनवर.

"सर, शुक्रवारी सकाळी छिन्नी लावतो," तो म्हणाला. "मजकूर नक्की ना? दगडाला खोडरबर नसतं. गेल्या महिन्यात एका गृहस्थांचं आडनाव चुकलं माझ्याकडून."

"मग काय केलंत?"

"मी काय करणार? त्यांनी आडनाव बदलून घेतलं."

सर हसले, फोन ठेवला आणि मग हसायचे थांबले. आडनाव बदलता येतं. पाच हजार एकला नियम लागू पडतो की नाही, हे मात्र सरांनी बघितलंच नव्हतं. दारावर नाव, दाराखालून रोज जाणारी तीनशे पोरं, आणि त्यातलं एखादं कार्टं हातात पेन घेऊन बसलं तर? घरात काकू होत्या, म्हणजे सरांच्या पत्नी. अख्खी गल्ली त्यांना काकूच म्हणते. त्यांनी विचारलं, "काय हो, चेहरा का पडला?" सर म्हणाले, "काही नाही." एकूण चाळीस वर्षांच्या संसारात "काही नाही"चा अर्थ काकूंना पाठ होता. त्यांनी दुसरा चहा टाकला.

उपाय खरं तर होता. शाळेतल्या संगणकावर गणिताचं एक सॉफ्टवेअर होतं. पांढरी खिडकी, लुकलुकणारी रेघ. प्रश्न लिहा, एंटर दाबा, उत्तर घ्या. जगातल्या कुठल्या कुठल्या माणसांनी आपापल्या फावल्या वेळात ते लिहिलेलं आणि फुकट वाटलेलं. निवृत्तीच्या आधीची पाच वर्षं सरांनी ते वापरलं होतं, पण फक्त प्रश्नपत्रिकेची उत्तरं पडताळायला. स्वतःचा नियम त्याला विचारायचं धाडस झालं नव्हतं. आता ती खोली रंगकामासाठी बंद होती. घरच्या संगणकाने तीन वर्षांपूर्वीच मान टाकली होती आणि त्याच्या डब्यावर काकूंनी कुंडी ठेवली होती. उरला होता मोबाईल.

सोमवारी सकाळी सर मोबाईल घेऊन दुरुस्तीच्या दुकानात गेले. दुकान एका जिन्याखाली होतं, उभं राहायला जागा दीड माणसाची. काउंटरमागे चाळिशीची एक बाई डोळ्याला भिंग लावून कुणाच्या तरी फोनच्या आतड्यांत हात घालून बसली होती. तिने मान वर केली आणि सरांच्या पायाखालची फरशी सरकली. ती पायरी होती.

पायरी हे काही तिचं खरं नाव नव्हे. आठवीच्या वर्गात सरांनी तिला इतक्यांदा बाहेर काढलं होतं की वर्गाबाहेरची पायरी तिच्या नावावर झाली आणि पुढे पायरीचंच नाव तिला पडलं. एका सत्रात तर सरांनी तिला गणिताच्या सलग अकरा तासांना बाहेर बसवलं होतं. बरोबर अकरा, सर मोजमापाचे पक्के. निवृत्तीनंतर कधी कधी झोप लागत नसली की त्यांना ते अकरा आठवत.

"सर! या ना, बसा," ती म्हणाली, आणि बसायला जागा नाही हे लक्षात येऊन स्वतःच उभी राहिली. "फोन पडला का?"

सरांनी अडखळत अडखळत सांगितलं. शाळेतलं तेच सॉफ्टवेअर फोनवर हवंय. फोनसाठी मिळणारी ती रंगीबेरंगी कॅल्क्युलेटरं नकोत. तेच.

"तेच म्हणजे तेच? मोठ्या संगणकावरचं?"

"तेच. मला नवीन माणसाशी आता ओळख करून घ्यायची नाही."

पायरीने फोन हातात घेतला, उलटसुलट केला. "होईल की. ते सॉफ्टवेअर लिनक्स नावाच्या प्रणालीवर चालतं. आणि हा तुमचा फोन आतून लिनक्सचाच चुलतभाऊ आहे. फोनच्या पोटात लिनक्स बसवू, लिनक्सच्या पोटात तुमचं गणित. डब्यात डबा."

"आणि फोन?"

"तो बाहेरचा डबा."

काम सरांच्या घरीच करायचं ठरलं, कारण डाउनलोड मोठं होतं आणि दुकानातलं वायफाय शेजारच्या शिंप्याचं होतं. चारच्या सुमारास पायरी घरी आली. फोनवर काळा पडदा उघडला, त्यावर पांढरी अक्षरं भराभरा वर सरकू लागली. सर खुर्चीच्या टोकावर. मध्येच अक्षरं थांबली आणि पुढे जायचं का, असं विचारू लागली.

"हो म्हणा," पायरी म्हणाली. "वाय दाबा."

"कशाच्या आधारावर?"

"सर, ते उत्तर मागतंय, सिद्धता नाही."

सरांनी वाय दाबलं. मग पासवर्ड आला. सरांनी आठ अक्षरं टाइप केली. पडद्यावर एक ठिपका उमटेल तर शपथ. "बिघडलं," सर म्हणाले. पायरी म्हणाली, "बिघडलं नाही, ते दाखवत नाही. तुम्ही पेपर काढताना कसं हाताने झाकून लिहायचात?" सरांना ती उपमा इतकी पटली की त्या क्षणापासून लिनक्सबद्दल त्यांच्या मनात बिरादरीचा भाव निर्माण झाला.

नव्वद टक्के झालं आणि पाच वाजले. रोज पाच वाजता काकूंच्या धाकट्या बहिणीचा फोन येतो. घरात तेवढा एकच फोन. आजही आला. काकूंनी सवयीने हात पुढे करून घेतला, गुडघ्याच्या दुखण्यावर वीस मिनिटं साग्रसंगीत चर्चा केली आणि परत दिला तेव्हा काळा पडदा गायब होता.

"फोन आला की मागचं बंद पडतं," पायरी शांतपणे म्हणाली. "पुन्हा सुरू करू."

दुसऱ्या दिवशी तिने सगळं नव्याने बसवलं आणि फोनला विमानात बसवून टाकलं. म्हणजे येणारे-जाणारे फोन बंद. "गणित होईपर्यंत असू दे," ती म्हणाली. काकूंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "म्हणजे फोन आहे, पण फोन नाही," त्या म्हणाल्या. "लग्नानंतर यांचंही असंच झालं होतं."

मंगळवारी संध्याकाळी ती खिडकी उघडली. तीच पांढरी, तीच लुकलुकणारी रेघ, पण सगळा संसार तळहाताएवढा. अक्षरं मुंगीच्या पायाएवढी. बोट ठेवलं की बाण भलतीकडे पळे. काकूंनी सुईत दोरा ओवायचं भिंग आणून दिलं. फोन तापू लागला तेव्हा स्टीलचं ताट उपडं करून त्यावर ठेवला. सरांनी भिंगातून पाहिलं आणि भिंग पुसून पुन्हा पाहिलं. ज्यासाठी शाळेत टेबलभर संगणक, खोली, किल्ली आणि किल्लीसाठी शिपाईकाका लागत, ते आता उपड्या ताटावर बसून त्यांच्याकडे बघत होतं.

"अगं," सर पायरीला म्हणाले, "हे लिहिणाऱ्यांनी आपला कधी विचार तरी केला असेल का?"

"कुणा एकाचाच नाही केला, म्हणून आपल्यालाही मिळालं," ती म्हणाली आणि दुकान उघडायला गेली.

आता खरं काम. पण सरांनी आधी मशीनचीच परीक्षा घ्यायची ठरवली. नियमात न बसणाऱ्या संख्यांची यादी मागितली, पण पाच हजारांपर्यंतचीच. म्हणजे झालेल्या अभ्यासक्रमावर. एंटर दाबताक्षणी उत्तर आलं: रिकामा कंस. एकही संख्या नाही. एकतीस वर्षांच्या संध्याकाळी पापणी लवायच्या आत आटोपल्या. सरांना आधी अभिमान वाटला, मग जरा अपमान वाटला, आणि मग त्यांनी मशीनला पास केलं.

इथे दुसरा कुणीही पुढचा आकडा टाकला असता. सरांनी बुधवार अख्खा त्याच पाच हजारांत घालवला. चार हजारांपर्यंत पाहिलं, तीन हजारांपर्यंत पाहिलं, वहीतली पानं काढून मशीनशी ताडली. वहीतली एक चूक सापडली तेव्हा तर त्यांना भारी आनंद झाला. दिवस सत्कारणी लागल्यासारखं वाटलं. गुरुवारी दुपारी पायरी डबा खायच्या सुट्टीत डोकावली.

"झालं का, सर?"

"मशीनची चाचणी चाललीय."

काकू भाजी निवडत होत्या. "मशीनची नाही गं," त्या म्हणाल्या. "पाच हजार एकच्या दारात उभे आहेत आणि बेल वाजवत नाहीयेत. उद्या सकाळी तो छिन्नी लावणार. अहो, टाका की पुढचा आकडा! नियम खरा असला तर काय बिघडणार आहे?"

"आणि खोटा असला तर?"

"तर आपल्या स्वयंपाकघरात खोटा ठरेल. शाळेच्या दारात नाही."

सरांनी भिंग घेतलं. पाच हजार खोडून दहा हजार लिहिलं. बोट एंटरवर नेलं, परत आणलं, धोतराला नव्हे तर पायजम्याला पुसलं आणि दाबलं.

चष्मा नाकावर नीट बसायच्या आत उत्तर आलं होतं. कंस रिकामा नव्हता. त्यात दोन संख्या होत्या: ५७७७ आणि ५९९३.

काकूंनी भाजीची जुडी खाली ठेवली.

"सातशे सत्याहत्तर," सर म्हणाले. "आणखी सातशे सत्याहत्तर पुढे गेलो असतो तर." मग एकदम ताठ बसले. "मशीनचा काय भरवसा? फोन तापलाय."

"मग हाताने बघू," पायरी म्हणाली. "किती वजाबाक्या होतील?"

सरांनी हिशेब केला. त्रेपन्न. एकापासून त्रेपन्नपर्यंतच्या प्रत्येक वर्गाची दुप्पट ५७७७ मधून वजा करायची आणि उरते ती मूळ संख्या आहे का पाहायचं. त्रेपन्नपैकी एक जरी मूळ निघाली, तर मशीन खोटं आणि नियम जिवंत.

आणि मग सरांनी एक गोष्ट केली, जी त्यांनी एकतीस वर्षांत केली नव्हती. त्यांनी कापडी पुठ्ठ्याची वही उघडून टेबलाच्या मधोमध ठेवली आणि मागची कोरी पानं फाडून वाटली. पहिल्या अठरा स्वतःला, पुढच्या अठरा काकूंना, उरलेल्या सतरा पायरीला. तिला एक कमी का, हे तिने विचारलं नाही. सरांनी सांगितलंही नाही.

टेबलावर तीन पेनं चालू लागली. सरांच्या पहिल्या वजाबाकीत ५७७५ उरले, पाचाने गेले. मग ५७६९, तिनाने गेले. ५७५९ ने जरा तग धरला आणि तेराने मान टाकली. सतरा गेल्या. अठरावीला ५१२९ उरले आणि सरांचे डोळे चमकले. तिनाने जात नाही. सातने नाही, अकराने नाही, तेराने नाही, सतराने नाही. एकोणिसाने तर अवघ्या एकाने हुकली. सरांनी पेन खाली ठेवलं. "मूळ आहे," ते पुटपुटले. "मूळ आहे!"

"तेविसाने पाहिलंत?" काकूंनी स्वतःच्या कागदावरून मान वर न करता विचारलं.

सरांनी तेविसाने पाहिलं. तेवीस गुणिले दोनशे तेवीस. बरोब्बर ५१२९, शिल्लक शून्य.

"तुला कसं कळलं?"

"चाळीस वर्षं तुमची वही पुसते मी. तुम्ही एकोणिसाला थकता."

काकूंच्या अठरा केव्हाच संपल्या होत्या; सगळ्या गेल्या. उरली पायरी. ती ओठ चावून शेवटच्या वजाबाकीवर बसली होती. "एकशे एकोणसाठ," ती म्हणाली. मग बोटं मोडली, छताकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "त्रेपन्न त्रिक एकशे एकोणसाठ. सर, हीपण गेली. सॉरी हं."

सरांनी पेनाला टोपण लावलं. पायरीने त्यांची समजूत घालायला स्वतःच्या फोनवर ती संख्या शोधली, आणि वाचताना तिचा चेहरा गमतीदार होत गेला. "सर, हा नियम अडीचशे वर्षांपूर्वी कुणाला तरी सुचला होता. तोही मोठाच माणूस होता, आणि तोही चुकला. मग शंभरेक वर्षांनी एका प्रोफेसरने नऊ हजारांपर्यंत तपासलं. हातानेच. त्याला हेच दोन आकडे सापडले."

"एकट्याने?"

"नाही. लिहिलंय, विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन."

सरांनी टेबलाकडे पाहिलं. तीन कागद, तीन अक्षरं, मध्ये उघडी वही. पाऊण तासात त्रेपन्न वजाबाक्या झाल्या होत्या.

"पायरी," ते म्हणाले, आणि तिला त्या नावाने आपण पहिल्यांदाच हाक मारली हे त्यांच्या लक्षात आलं. "मी तुला अकरा तास बाहेर बसवलं होतं."

"अकरा? मी मोजले नव्हते."

"मी मोजले होते. मला माफ कर."

"अहो, कशाला? बाहेर शिपाईकाका शाळेच्या घंटेची वायर जोडत बसायचे. मला पकड धरायला द्यायचे. तिथेच तर शिकले मी सगळं. तुम्ही आत ठेवलं असतंत तर मी आज कुठे असते? तुमचे आभार मानायचे राहूनच गेले होते, सर."

ज्या गोष्टीची लाज वाटत होती तिचे आभार मिळाले होते, आणि ज्या नियमाचा सत्कार होणार होता तो मोडीत निघाला होता. हिशेब कुठेच जुळत नव्हता आणि तरी छातीवरचं ओझं उतरलं होतं. त्यांनी पायरीचाच फोन मागून मुख्याध्यापिकाबाईंना लावला.

"बाई, नियम चुकला. कोरू नका."

"अहो सर, लादी दारावर बसवलीसुद्धा! पाथरवट मापं घेतोय. मग कोरायचं काय?"

सरांनी थोडा विचार केला. "लिहा: ५७७७. आणि खाली, 'हाताने तपासून पाहा.' नाव नको."

पलीकडून पाथरवटाचा आवाज ऐकू आला: "बरं झालं, अक्षरं वाचली."

शुक्रवारी लादी तयार झाली. मुलं तिच्याखाली उभी राहून "म्हणजे काय?" म्हणाली, मुख्याध्यापिकाबाईंनी मोडलेला नियम समजावला, आणि दोन मुली चक्क दारासमोरच्या पायरीवर बसून वजाबाक्या करू लागल्या. सरांनी ते दुरून पाहिलं आणि घरी आले.

संध्याकाळी पायरी आपला चार्जर न्यायला आली. सर उठून उभे राहिले. उपड्या ताटावरच्या फोनकडे हात करून, निरोप समारंभातही बोलले नव्हते अशा आवाजात ते बोलू लागले. जगाच्या पाठीवर ज्यांनी हे गणित लिहिलं आणि कुणाला न विचारता सर्वांना देऊन टाकलं, त्या न पाहिलेल्या माणसांचे आभार. पाऊणदोनशे वर्षांपूर्वी आपल्या पोरांना बरोबर घेऊन बसलेल्या त्या प्रोफेसरचे आभार. डब्यात डबा बसवणाऱ्या आपल्या विद्यार्थिनीचे आभार. आणि जिने तेवीस शोधला, तिचे आभार कसे मानावेत हे मात्र ठाऊक नाही. एवढं बोलून सर खाली बसले. पायरीने डोळ्याला पदर नव्हे तर चार्जरची वायर लावली.

काकूंनीही डोळे पुसले. मग घड्याळाकडे पाहिलं. पाच वाजून दोन मिनिटं झाली होती.

"सगळं अगदी खरं हो," त्या म्हणाल्या. "पण आता त्याला तेवढं विमानातून उतरवता का? बहिणीच्या गुडघ्याचं काय झालं, मंगळवारपासून कळलं नाहीये."